मॅडमच्या लिंकवरचे त्रेसष्ट पंप

मॅडमनी कुठल्याही वस्तूला कधी 'छान' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. त्यांच्याकडे तीनच शेरे होते: 'चालते', 'चालन', म्हणजे चालेल, आणि 'नाही चालत'. यातला 'चालते' फार क्वचित मिळायचा. मिक्सर असो, इस्त्री असो, पाणी तापवायचा रॉड असो, सगळ्यांना हाच न्याय. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा मला भेटायला नागपूरला, मॅडमच्या बेसाच्या घरी आला. मॅडमनी त्याला खाली हॉलमध्ये बसवून दहा मिनिटं प्रश्न विचारले. मग जिना चढून माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चालन." मला तेवढं पुरलं. त्याच्याशीच लग्न केलं.

मी मूळची साताऱ्याकडची. कळमेश्वरच्या एमआयडीसीत बिस्किटांच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून नागपूरला आले आणि मॅडमच्या घरी वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहिले. कंपनीची बस चौकात यायची. बेसाहून कळमेश्वर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, त्यामुळे माझा निम्मा दिवस बसमध्येच जायचा. उरलेला मॅडमच्या ताब्यात.

त्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या इन्स्ट्रक्टर होत्या. वडील गिरणीत फिटर. त्यांनीच मुलीच्या हातात पहिल्यांदा पाना दिला असं त्या सांगायच्या. हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो, त्याच्या बाजूला वडिलांचा, आणि दोन्ही फोटोंच्या खाली उघडून ठेवलेला एखादा मिक्सर. लग्न केलं नव्हतं. "वेळ नाही भेटला," एवढंच कारण. निवृत्त झाल्यावर कॉलनीतल्या बायका विचारायला यायच्या, मॅडम, कोणती इस्त्री घेऊ? मॅडम तासभर सांगायच्या. मग बाई जाऊन वेगळीच इस्त्री घेऊन यायची आणि ती बिघडली की पुन्हा मॅडमकडेच.

एकदा मी म्हटलं, "मॅडम, एवढं सांगता ते मोबाइलवर लिहा ना. खाली लिंक टाका. लोक त्या लिंकवरून वस्तू घेतील, तुम्हाला कमिशन मिळेल."

"म्हणजे दलाली?"

"दलालीच म्हणा."

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी समजले, रागावल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी बससाठी धावत असताना फाटकात अडवून म्हणाल्या, "करन मी. पण लोकाइले सांगून करन."

आणि तसंच केलं. त्यांच्या पेजवर, ग्रुपवर, प्रत्येक पोस्टची पहिली ओळ ठरलेली असायची: 'खालच्या लिंकवरून घेतलं तं मले कमिशन भेटते. नसन द्याचं तं लिंक सोडून नावानं शोधा, वस्तू तेच भेटन अन् भावही तोच.' ही ओळ सगळ्यात खाली, बारीक अक्षरात टाकावी असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "काहून? चोरी करून राहिली का मी?"

दुसरा नियम असा की वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, स्क्रू काढून आतून पाहायची, चाळीस दिवस वापरायची आणि मगच लिंक. "बाहेरून सगळेच नवरदेव असतेत," त्या म्हणायच्या. एका वस्तूचं कमिशन आलं की त्यातून तपासायला दुसरी वस्तू यायची. त्यामुळे घरात पाच मिक्सर, तीन इस्त्र्या, चार किटल्या. मला चहासाठी किटली दिली की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यावा लागायचा, किती मिनिटं लागली, हँडल गरम होते का. मी एकदा "मस्त आहे" म्हटलं. "मस्त म्हणजे किती मिनिटं?"

लोकांना हे आवडायला लागलं. व्हिडिओत मॅडमचा चेहरा कधी नसायचा, फक्त दोन सावळे हात, एक स्क्रूड्रायव्हर आणि तो खणखणीत आवाज. लग्नाकार्यात गेल्या तरी पर्समध्ये टेस्टर असायचा. मांडवातल्या कुलरला आधी टेस्टर लावायचा आणि मग त्याच्यासमोर बसायचं. वधूपक्ष काय म्हणेल याची फिकीर नाही.

लकडगंजचा एक एजन्सीवाला त्यांना भेटायला आला होता. त्याच्याकडे गिझर होता. त्याची लिंक टाकली तर नेहमीच्या दुपटीनं कमिशन देतो म्हणाला. मॅडमनी त्याला सरबत दिलं आणि त्याच्यासमोरच गिझर उघडला. आतली एक वायर बोटानं ओढून दाखवली. ती सहज निघून हातात आली.

"मॅडम, बाकी सगळे टाकून राहिले ना याची लिंक," तो म्हणाला.

"बाकीच्याइच्या पोस्टवर माहं नाव नाही," मॅडम म्हणाल्या आणि वायर त्याच्या हातात ठेवली.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं काय सांगायचं. होळी झाली की गच्चीवरून, पलंगाखालून, लोखंडी कुलर बाहेर निघतात. त्याला नवं गवत लागतं, टाकीतून पाणी वर चढवायला छोटा पंप लागतो. पंप दर दोन-तीन वर्षांनी जातोच. म्हणून मॅडमनी थंडीतच एक पंप मागवला, उघडला, चाळीस दिवस बादलीत बुडवून चालवला. तांब्याच्या गुंडाळीवर पाणी शिरू नये म्हणून काळा घट्ट मसाला ओतलेला असतो, तो त्यांनी सुरीनं खरवडून पाहिला. "चालते," म्हणाल्या. मार्चमध्ये लिंक टाकली. पंप चांगले खपले.

एप्रिलच्या शेवटी त्या आठ दिवस बहिणीकडे भंडाऱ्याला गेल्या. पेज माझ्याकडे होतं. त्याच आठवड्यात ऑनलाइन दुकानात सेल लागला, तो पंप स्वस्त झाला आणि मी उत्साहानं लिंक पुन्हा टाकली. वर लिहिलं, 'मॅडमनी तपासलेला. लवकर घ्या.' मॅडमना विचारलं नाही. विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

मे महिन्यात फोन आला. हुडकेश्वरला शिवणकाम करणारी एक बाई. तिच्या सासूबाई कुलरमध्ये पाणी भरत होत्या, लोखंडी बॉडीला हात लागला आणि त्या फेकल्या गेल्या. मनगट मोडलं. जीव वाचला तो पायात रबरी चप्पल होती म्हणून.

मॅडमनी स्कूटर काढली. मी मागे बसले. दुपारचे दोन, रस्त्यावर माणूस नाही, दोघींच्या तोंडाला दुपट्टे. तिथं पोचल्यावर मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही. अंगणातच बसून पंप उघडला. बराच वेळ पाहत राहिल्या. वरचं नाव तेच, रंग तोच, खोकं तेच. आत काळा मसाला नव्हताच. गुंडाळीवर नुसतं प्लॅस्टिकचं झाकण होतं.

"हा माहा पंप नाही," मॅडम म्हणाल्या.

शिवणकाम करणारी बाई चिडली. "मॅडम, असं काहून म्हणता? तुमच्याच लिंकवरून घेतला ना मी!"

"लिंक माहीच हाये वं. म्हणूनच आली मी. पण मी तपासला तो पंप हा नाही. नाव तेच ठेवून आतला माल बदलवला त्याइनं."

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. त्यांनी विचारलं, "बाई, असे किती लोकाइनं घेतले?"

मॅडमनी मोबाइल काढला, कमिशनचा रिपोर्ट उघडला. "त्रेसष्ट."

"मंग माह्याजवळ कायले बसली? त्याइले सांग जाऊन."

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी सांगून टाकलं. "मॅडम, लिंक दुसऱ्यांदा मी टाकली होती. तुम्ही भंडाऱ्याला असताना."

"माहीत हाये मले. तारीख दिसते रिपोर्टात."

"मग रागवा ना मला."

"लिंकवर नाव कोणाचं होतं? माहं. पेजची किल्ली तुले कोणं देल्ली? मीच देल्ली." सिग्नल सुटला. गाडी सुरू करता करता म्हणाल्या, "रडून नको राहू मागं. त्रेसष्ट घरं पाहाची हायेत."

पण ही घरं कुठं होती? लिंकवाल्या धंद्यातली ही गंमत मला तेव्हा कळली. आपल्या लिंकवरून कोणत्या दिवशी किती वस्तू गेल्या ते दिसतं. कोणी घेतल्या ते दिसत नाही. नाव नाही, गाव नाही, फोन नाही. ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून खरेदी केली, तेच आपल्याला माहीत नसतात.

घरी आल्यावर मॅडमनी लिंक काढून टाकली, ग्रुपवर इशारा लिहिला आणि ऑनलाइन दुकानाच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मैडम, ग्राहक की जानकारी हम नहीं दे सकते."

"मत दो. तुम खुद फोन करो उनको. बोलो प्लग निकालो."

"आपकी शिकायत दर्ज हो गई है, मैडम."

रोज सकाळी नऊ वाजता हा फोन व्हायचा. रोज शिकायत दर्ज व्हायची. दहाव्या दिवशी दुकानानं तो पंप विकायचा बंद केला, पण घेतलेल्यांना कोणी फोन केला नाही.

"पोस्ट टाकली आहे ना आपण, लोक वाचतील," मी म्हटलं.

"टाकलं म्हणजे वाचलं असं होते काय? तू वाचते का सगळं?"

मग त्यांनी ते केलं जे कधीच केलं नव्हतं. मोबाइल स्टूलवर उभा करायला सांगितला आणि त्याच्यासमोर स्वतः बसल्या. केस विंचरले नाहीत, काही नाही. "मी तपासला तो पंप चांगला होता. आता त्याच नावानं दुसरा येऊन राहिला. त्याच्यानं एका बाईचा हात मोडला. माह्या लिंकवरून पंप घेतला असन तं आत्ताच्या आत्ता प्लग काढा. पाण्यात हात घालू नका. अन् मले फोन करा, मी येते. चूक माही हाये. मी लिंक टाकली अन् मागं वळून पाह्यलं नाही."

व्हिडिओ फिरला. खाली लोक लिहायला लागले. कोणी शाबासकी दिली, कोणी म्हटलं, फॉलोअर वाढवायची नाटकं. एकानं लिहिलं, 'दलालबाईले आता पाझर फुटला.' मी ते पुसायला गेले तर मॅडमनी हात धरला. "राहू दे. दलाल बरोबरच हाये." आणि पुढचा फोन घेतला.

त्यांनी एका वहीत त्रेसष्ट ओळी आखल्या होत्या. प्रत्येक ओळीसमोर रिपोर्टातली तारीख. फोन आला की आधी विचारायच्या, "कोणत्या दिवशी मागवला?" तारीख जुळली की त्या ओळीवर नाव. मग पत्ता. मग आम्ही. मे अखेरच्या नवतप्यातले, सगळ्यात कडक उन्हाचे ते नऊ दिवस मला अजून आठवतात. नागपुरातली माणसंसुद्धा तेव्हा दारं लावून बसतात. मी कारखान्यातून सुट्टी काढली होती. मानेवाडा, नंदनवन, जरीपटका, पारडी. डिकीत लकडगंजहून आणलेले चांगले पंप, स्क्रूड्रायव्हर, टेप आणि ताकाची बाटली. घरोघर मॅडम जमिनीवर बसून पंप उघडायच्या. चांगला निघाला तर परत लावून द्यायच्या, पोकळ निघाला तर आपल्या खर्चानं नवा. अर्थिंग नसलं तर तेही करून द्यायच्या, कारण "आलीच हावो तं."

एका घरातला माणूस दार उघडेना. आतूनच ओरडला, "आमचा चालून राहिला मस्त! जा तुम्ही!" मॅडम पायरीवर बसल्या. पाऊण तास. शेवटी त्याच्या बायकोनंच दार उघडलं. पंप पोकळ होता. आम्ही निघालो तेव्हा तो माणूस गाडीपर्यंत सोडायला आला.

बाहेरगावचे होते त्यांना फोनवरून समजावलं, पंप कुरियरनं मागवून घेतले. असे करता करता जूनच्या मध्यापर्यंत एकसष्ट झाले. त्यातले एकोणीस पोकळ. राहिल्या दोन ओळी आणि दोन्हींची तारीख एकच, माझ्या लिंकनंतरचा दुसरा दिवस.

"दोन पंप एकदम कोण घेते?" मॅडम विचार करत बसल्या. "ज्याच्या घरी दोन कुलर असतेत. मेस. नाही तं अभ्यासिका."

मग आम्ही अभ्यासिका पालथ्या घातल्या. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली, ओळीनं बाकं, कोपऱ्यात मोठे कुलर आणि मरणाची शांतता. एका ठिकाणी मॅडम आत गेल्या आणि थेट कुलरचा प्लगच काढला. पन्नास डोकी एकदम वर झाली. मालक धावत आला. "ओ मॅडम! काय करून राहिल्या तुम्ही?"

"पाच मिनिटं घामात बसा," मॅडम पोरांना म्हणाल्या. "मरत नाही कोणी घामानं."

तो पंप आमचा नव्हता. चांगलाही होता. पण बॉडीला अर्थिंग नव्हतं आणि खाली फरशीवर पाणी साचलं होतं. मॅडमनी अर्धा तास बसून ते काम केलं. मालकानं पैसे विचारले तर म्हणाल्या, "पैसे नको. दोन पंप एकदम घेणारा कोणी माहीत असन तं सांगजा."

पावसाळा लागला. कुलर पुन्हा गच्चीवर गेले. मला वाटलं, संपलं. एकसष्ट म्हणजे काय कमी झाले? पण मॅडमनी एक गोष्ट ठरवून टाकली होती आणि ती मला सांगायचीही गरज त्यांना वाटली नव्हती. त्रेसष्ट होईपर्यंत एकही लिंक नाही.

गणपती गेले, दसरा गेला. दिवाळीच्या तोंडावर म्हणजे लिंकवाल्यांची सुगी, तेव्हाही पेजवर काही नाही. दर आठवड्याला फक्त तोच व्हिडिओ पुन्हा. लोक सोडून गेले. नव्या वस्तू येणं थांबलं कारण कमिशनच थांबलं. लकडगंजच्या एजन्सीवाल्याचा फोन आला, "मॅडम, दो पंप के लिए पुरा सीजन छोड दिया? ते दोघंही विसरले असतील."

"ते विसरले असतीन," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच मले विसरता येत नाही."

मी एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, कदाचित त्यांनी पंप फेकूनही दिला असेल."

"असन ना. मंग मले सांगतीन, फेकला म्हणून. लिहून टाकन मी."

त्या हिवाळ्यात मी त्यांना बारीक झालेलं पाहिलं. पहाटे उठून वही उघडून बसलेल्या असायच्या. वर्तमानपत्रात कुठं विजेच्या धक्क्याची बातमी आली की ती दोनदा वाचायच्या, गावाचं नाव पाहायच्या.  मी खाली येऊन चहा ठेवायचे.

आज त्यांचं पेज जोरात चालतं. मी लग्नानंतर नाशिकला आले तरी रोज पाहते. ठरलेल्या पहिल्या ओळीखाली आता दुसरी ओळ असते: 'ही वस्तू मी दर महिन्याले आपल्याच लिंकवरून पुन्हा मागवते अन् उघडते. आतला माल बदलला तं त्याच दिवशी लिंक काढते.' पण हे सगळं नंतरचं. मधला तो मार्च यायचा होता.

होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी फोन वाजला. माणूस कळमेश्वरचा होता, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. गेल्या उन्हाळ्यात सेलमध्ये स्वस्त दिसले म्हणून त्यांनी दोन पंप मागवले होते, जुने पंप अजून चालत होते म्हणून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवून दिले होते. आज कुलर काढला तेव्हा मुलीला फोनवर सांगितलं आणि तिनं तो व्हिडिओ पाठवला.

"खोलू नका!" मॅडम ओरडल्या. "काहीच लावू नका. मी आली."

मी ज्या गावाला रोज बसनं जात होते, त्याच गावात, कारखान्यापासून दहा मिनिटांवर, ते दोन पंप वर्षभर पडून होते.

गुरुजींच्या अंगणात कुलर धुऊन ठेवलेला होता. टाकीत पाणी भरून झालं होतं. त्याच्यावर एक खोकं, चिकटपट्टी फाडलेली. दुसरं खोकं अजून माळ्यावरच. मॅडमनी आधी माळ्यावरचं मागितलं. पायरीवर बसून पंप उघडला. आत काळा मसाला, काठोकाठ. सुरीनं खरवडला तरी निघाला नाही.

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. "चांगला आहे ना? मग दुसराही चांगलाच असेल, मॅडम. एकाच दिवशी, एकाच पार्सलात आले दोन्ही. राहू द्या. उन्हातून आल्या, आधी चहा घ्या."

मलाही तसंच वाटलं. दहा महिने ज्याच्यामागे फिरलो, तो पंप शेवटी चांगला निघाला आणि तोही कधी पाण्यात गेलाच नव्हता.

 मॅडमनी कुलरवरचं खोकं उचललं. चार स्क्रू काढले, झाकण उचललं.

पोकळ.

त्यांनी दोन्ही पंप पायरीवर शेजारी शेजारी ठेवले आणि गुरुजींना वाकून पाहायला सांगितलं. गुरुजींनी चष्मा लावला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग भरलेल्या टाकीकडे पाहिलं.

"हाच लावत होतो," ते हळूच म्हणाले. "स्क्रू सापडत नव्हता, कुठं ठेवला ते विचारायला पोरीला फोन केला मी. नाहीतर..."

"आता पंप सापडला ना," मॅडम म्हणाल्या. चांगला पंप त्यांनी स्वतः कुलरला लावला, अर्थिंग तपासलं, कुलर चालू करून बॉडीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मग वही काढली आणि शेवटच्या दोन ओळींवर गुरुजींचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.  

जाताना गाडी त्यांनी चालवली होती. निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव वं."

पोकळ पंपाची पिशवी मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या. संत्र्याचे दोन-तीन ट्रक ओलांडून आम्ही शहराकडे लागलो. थोड्या वेळानं त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं. मला वाटलं काही बोलायचंय, म्हणून मी मान वळवली. त्या झोपल्या होत्या. एक हात माझ्या कमरेला घट्ट धरलेला, तोंड किंचित उघडं. मी गाडीचा वेग कमी केला. मागून हॉर्न वाजत राहिले, लोक वळून पाहत पुढे जात राहिले, आणि मी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही खड्डा लागू न देता, त्यांना बेसाला घेऊन आले.